खल्कच्या पोस्तीनात

नेकबख्तने वाळवलेल्या दह्याच्या कुरुतीचं तसराळं नवऱ्यापुढे ठेवलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ओळखलं, आज स्वारी काहीतरी पराक्रम गाजवून आली आहे. गझनीच्या बाजारात उस्ताद सखीदादइतकं सुबक पोस्तीन बेतणारा दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतकं सैल तोंडही दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

"सांगून टाका," ती म्हणाली. "नाहीतर घास अडकेल घशात."

"अगं, पक्षाचा मुन्शी आला होता दुकानात, आपली माणसं घेऊन. तोर्यालय, तो पूर्वीचा मास्तर. हिवाळ्यासाठी पोस्तीन हवंय त्याला. मी खांद्याचं माप घेतोय, तर मला विचारतो, 'उस्ताद, तुम्ही कारागीर मंडळी दिवसभर करता तरी काय?' मी म्हटलं, 'साहेब, आम्ही काय करणार? बापजाद्यांपासून आमचा सारा दिवस खल्कच्या पोस्तीनात पडण्यात जातो!'"

आणि मांडीवर थाप मारून तो एवढा हसला की कुरुतीचा ओघळ दाढीत उतरला.

नेकबख्तच्या हातातला नानचा तुकडा हातातच राहिला.

पोस्तीन म्हणजे मेंढीच्या कातड्याचा झगा. लोकर आत, कातडं बाहेर. त्याशिवाय गझनीचा हिवाळा निघत नाही. पण कोणाच्या पोस्तीनात पडणं म्हणजे त्याच्या माघारी त्याची निंदानालस्ती करणं. फारसी बोलणाऱ्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि खल्क म्हणजे लोक, जनता. निदान मागच्या वर्षीच्या वसंतापर्यंत त्याचा एवढाच अर्थ होता. त्या वसंतात काबूलच्या रस्त्यांवर रणगाडे फिरले, खल्क नावाचा पक्ष गादीवर बसला, आणि एका साध्या जुन्या शब्दाला मालक मिळाला. तेव्हापासून तो शब्द उच्चारण्याआधी माणसं खिडकीकडे बघू लागली. सखीदाद सोडून.

"शेजारचा टोपीवाला हसला असेल ना?" तिने विचारलं.

"छे! त्याच्या हातातली इस्तरीच खाली पडली. नुसता घाबरट."

"आणि मुन्शी?"

"मुन्शी हसला. 'वा उस्ताद' म्हणाला. परत म्हणायला लावलं मला."

"मग? परत म्हणालात?"

"पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? पख्तून आहे गं तो, कटवाजच्या खेड्यातला. घरची भाषा पश्तो, फारसी बोलतो ती पुस्तकातली. त्याला काय कळतंय पोस्तीनात पडणं! त्याला वाटलं, लोकांची पोस्तीनं शिवण्यात आम्ही बुडालोय असं सांगून मी सरकारची थोरवी गातोय."

"आज नाही कळलं. उद्या त्याचा ड्रायव्हर सांगेल, परवा चहावाला सांगेल. आणि मग?"

"मग काय? फाशी देतील? विनोदाला?"

नेकबख्तने भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे तांबट अयूबचं घर होतं. रेडिओवर काबूलच्या मोठ्या साहेबांचं भाषण चालू असताना अयूब हंड्यावर ठोके मारत होता, एवढाच त्याचा गुन्हा. मुद्दाम जोरात ठोकत होता, असं कोणीतरी जाऊन सांगितलं. जीप आली आणि त्याला घेऊन गेली. त्याची बायको साबिरा दर जुम्म्याला किल्ल्यातल्या तुरुंगाच्या फाटकाशी धुतलेले कपडे घेऊन जायची. पहारेकरी कपडे आत घ्यायचे. मळलेले कपडे मात्र कधी बाहेर यायचे नाहीत. साबिरा हे कोणाला सांगत नसे. पण तिच्या दोरीवर नवऱ्याचा एकही सदरा वाळत नाही, हे सगळी आळी बघत होती.

सखीदादने भिंतीकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. मग, गप्प बसणं रक्तातच नसल्यामुळे, तो म्हणाला, "हे शहर आठशे वर्षांपूर्वी घोरच्या सुलतानाने जाळलं. सगळं जळालं. आमची कातडीवाल्यांची आळी तेवढी वाचली म्हणतात. वासानेच सैन्य मागे फिरलं. आपल्याला काही होत नाही, बीबी."

"तुमच्या पणजोबांनी केलेला हा विनोद असणार," ती म्हणाली. "तेही असेच."

लोक म्हणायचे, नेकबख्त नशीबवान, नवरा हसरा मिळाला. हसऱ्या नवऱ्याशी संसार करणं किती कष्टाचं असतं, हे म्हणणाऱ्यांना माहीत नसावं. ती नदीकाठच्या कातडं कमावणाऱ्यांच्या घरात जन्मली. दही, मीठ आणि जवाचं पीठ यांत भिजलेल्या कातड्यांच्या वासातच ती चालायला शिकली. मशिदीतल्या शाळेत अक्षरं गिरवली, कुराण वाचलं आणि सोळाव्या वर्षी किल्ल्याखालच्या या घरात आली. नवरा कातडं बेतून शिवायचा. डाळिंबाच्या सालींनी ते पिवळं रंगवायचं आणि त्यावर रेशमाने भरतकाम करायचं, ही बायकांची कामं. सासूने तिच्या बोटांवर छडी मारून तिला टाका शिकवला. तिची पोस्तीनं काबूलला गेली, परदेशी पोरापोरींच्या अंगावर चढली. त्यांतली एक केस पिंजारलेली पोरगी पावसात भिजून परत आली आणि नाक धरून ओरडली होती, "हे कुत्र्यासारखं वास मारतंय!" तेव्हा सखीदाद तिला गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "बाई, मेंढीला विचारा. ती कुत्र्याशी भांडेल." नेकबख्त तेव्हा पडद्याआड हसली होती. त्याची जीभ तिला आवडायची, हे खोटं कशाला सांगायचं? पण तो काळ वेगळा होता.

आता गल्लीत इंजिनाचा आवाज आला की तिचा टाका चुकायचा. सुई बोटात घुसायची. जीप पुढे गेली की ती बोट चोखत बसायची, आणि ज्यांच्या दारात जीप थांबली असेल त्यांच्याबद्दल वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखं वाटायचं. याची तिला लाज वाटायची. पण वाटायचं ते वाटायचंच.

"कंदाहारला लेकीकडे जाऊ चार महिने," ती म्हणाली.

"ऐन हंगामात उस्ताद दुकान बंद करून गेला, तर लोक काय म्हणतील? ज्याने काही केलं नाही तो पळत नाही."

बरोबरच होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

मग दुकानात मुन्शीचा माणूस आला. पण धरायला नाही. त्याच्या हातात लाल कापडाची गुंडाळी होती. सखीदाद ती घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अंगणात जरदाळूच्या झाडाखाली त्याने कापड उलगडलं. त्यावर खडूने मोठी, वळणदार, मास्तरी अक्षरं काढलेली होती: आम्ही खल्कच्या पोस्तीनात पडलो.

"कारागिरांची मिरवणूक आहे," सखीदाद घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बाजाराच्या कमानीवर लावायचंय. म्हणाला, उस्तादांचं वाक्य, उस्तादांच्याच घरात भरून घ्या. पिवळ्या रेशमाने."

नेकबख्तने कापड घाईने गुंडाळलं.

विचार करा. हे कापड कमानीवर चढलं की बाजारातला प्रत्येक माणूस ते वाचणार: आम्ही सरकारची निंदा करतो. वाचून एक जण हसणार. एक जण हसला की दहा हसणार. मग कोणीतरी मुन्शीला जाऊन सांगणार की ही कसली थोरवी, ही तर तुमची थट्टा. आणि थट्टा कोणाची, हे शोधायलाही नको, कारण वाक्य उस्तादांचं आहे हे मुन्शीनेच गावभर सांगितलेलं.

"नाही म्हणून सांगा. माझे डोळे गेले म्हणा."

"कालच त्याच्या पोस्तीनाची बाही भरून दिलीस तू. डोळे आज गेले?"

"मग खरं सांगा त्याला. चुकलं म्हणा."

"खरं?" सखीदाद पहिल्यांदाच तिच्या अंगावर ओरडला. "त्याला सांगू की मी तुमच्या तोंडावर तुमची टिंगल केली आणि तुम्ही वा वा म्हणालात? त्यापेक्षा साबिराला विचारतो, कपडे कुठे द्यायचे असतात!"

भिंतीपलीकडे धुण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने धुणं पुन्हा सुरू झालं.

पुढचे दोन दिवस ते कापड कोनाड्यात पडून होतं. नेकबख्त त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि तरी तिला ते दिसायचं. तिसऱ्या सकाळी सखीदाद दुकानात गेल्यावर तिने ते गुडघ्यांवर घेतलं, सुईत रेशीम ओवलं आणि एक चूक केली. भरतकामाच्या पहिल्याच दिवशी ज्यासाठी सासूची छडी बसते, तीच चूक. खडूची रेघ असेल तर कारागीर अशा टोकापासून सुरुवात करतो की हात न भरलेल्या रेघेवर टेकू नये. नेकबख्तने मुद्दाम उलट्या टोकाने सुरुवात केली आणि मनगट थेट शेवटच्या शब्दावर टेकवलं. टाका घालायचा, मनगट घासायचं. टाका घालायचा, मनगट घासायचं. दुपारपर्यंत 'पडलो' हा शब्द पुसून गेला. कापडावर नुसता पांढुरका डाग उरला.

त्या डागावर तिने स्वतःच्या अक्षरात भरलं: टाके घातले.

आम्ही खल्कच्या पोस्तीनात टाके घातले. निरुपद्रवी, मुळमुळीत, अगदी सरकारी वाक्य.

रात्री सखीदादने ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, तो मास्तर होता! स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्याला आठवणार नाही?"

"मी अडाणी बाई. खडू पुसला गेला, आठवलं तसं भरलं."

"तू? खडू पुसला? गझनीत कोणाचा विश्वास बसेल यावर?"

"गझनीतल्या माणसाने नाही ना विश्वास ठेवायचा! पख्तून आहे, कटवाजचा आहे, हे कोण म्हणत होतं?"

त्याच आठवड्यात काबूलहून बातमी आली. बातमी कसली, कुजबूज. अगदी वरती, त्यांच्यातल्याच एकाने मोठ्या साहेबांचा काटा काढला होता. चहाच्या दुकानातला मोठ्या साहेबांचा फोटो कोणीतरी उतरवला. भिंतीवर फोटोएवढा स्वच्छ चौकोन राहिला, आणि त्या चौकोनाकडे कोणी बघत आहे असं दिसू नये म्हणून गिऱ्हाइकं पेल्यात बघून चहा पिऊ लागली.

आणि मग दार वाजलं. सखीदाद दुकानात होता. इंजिनाचा आवाज आला नव्हता, म्हणून नेकबख्तला वाटलं साबिरा असेल.

"खाला, पडदा करून घे. मी तोर्यालय," बाहेरून आवाज आला.

तिने चादर डोक्यावरून ओढली. मुन्शी आत आला, उंबऱ्याशीच थांबला. तरुण होता, तिच्या लेकीच्या वयाचा; खाला म्हणजे मावशीच म्हणणार. दाढी वाढलेली. पायी आला होता. एकटा.

"कापड झालं?"

तिने पुढे केलं. त्याने ते दोन्ही हातांनी उघडून धरलं आणि वाचलं. खूप वेळ वाचत राहिला. एवढ्याशा ओळीला इतका वेळ लागत नाही.

"माझी आईसुद्धा भरते, खाला," तो शेवटी म्हणाला. "सदऱ्याच्या छातीवरचं. ती नेहमी लांबच्या टोकापासून सुरुवात करते. हात टेकून खडू पुसला जाऊ नये म्हणून."

नेकबख्तने मनगट चादरीत ओढून घेतलं.

"आणि मी काबूलला चार वर्षं वसतिगृहात राहिलोय. फारसी पोरांबरोबर. आम्ही रोज रात्री दुसरं काय करायचो? एकमेकांच्या पोस्तीनात पडायचो."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. दुकानात, माप देताना, सगळ्यांसमोर.

"साहेब," ती कशीबशी म्हणाली, "म्हातारा झालाय तो. जिभेला हाड नाही. पण मनात काही नसतं हो त्याच्या. मला घेऊन चला. वाक्य मी भरलंय, मला न्या."

"कोणाला कुठे न्यायचं, हे आता माझ्या हातात नाही." त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. तेव्हा कुठे तिला दिसलं की हा माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. "त्या दिवशी हसलो नसतो, तर तिथे उभ्या असलेल्यांनी मला विचारलं असतं, का हसला नाहीस. आणि हे कापड मी पाठवलं नसतं, तर त्यांनी विचारलं असतं, एवढं छान वाक्य वाया का घालवलंस. समजतंय का, खाला? मला वाटलंच होतं, तू काहीतरी करशील."

"आणि केलं नसतं तर?"

त्याने कापड गुंडाळून खाली ठेवलं.

"मला एक जुनं पोस्तीन हवंय," तो म्हणाला. "धनगराचं असतं तसं. वास मारणारं. नवं नको, माझं नकोच. ज्यांचा फोटो उतरला, मी त्यांचा माणूस. मला सरहद्दीचा डोंगर ओलांडायचाय."

आता काय करावं? नाही म्हणावं, तर जाता जाता तो एक शब्द टाकून जाईल आणि सखीदाद संपेल. द्यावं, तर घरात जुनं पोस्तीन एकच होतं. सखीदादचं स्वतःचं, त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने बेतलेलं. ते घालून हा पकडला गेला, तर बाजारातला कोणीही सांगेल, हे काम कोणाचं.

ती आत गेली आणि ते घेऊन आली. छातीवर तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी भरलेलं डाळिंबाचं फूल होतं. तिने चाकू घेतला आणि धागा न धागा उसवून काढला. कापड असतं तर भोकं बुजली असती. कातडं टाका विसरत नाही. पिवळ्या कातड्यावर फुलाच्या आकाराची बारीक भोकं तशीच राहिली. तिने दुंबा मेंढ्याच्या जाड शेपटीची चरबी आणि चुलीतली राख कालवून वर चोळली.

"भोकं दिसतायत अजून," मुन्शी म्हणाला.

"दिसू देत. भोकं कोणाचं नाव घेत नाहीत." पण खांद्याचं काय? सखीदादचा खांदा वेगळा होता, पाठीत किंचित मागे घेतलेला, दुसऱ्या कोणाला न जमणारा. खांदा उसवला असता तर पोस्तीनच उरलं नसतं. "पलीकडे पोचलात की जाळून टाका. ऐकलंत?"

"उस्तादांना सांगू नकोस."

"मी वेडी आहे का?"

तो घाईघाईने ते अंगावर चढवून बाहेर पडला. जाताना सलामही करायला विसरला. लाल कापड अंगणातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वेगळीच माणसं येऊन ते घेऊन गेली. मिरवणूक झाली. कमानीवर 'टाके घातले' झळकलं, आणि खालून जाणारा प्रत्येक जण मनातल्या मनात जुनाच शब्द वाचत होता. कोणी हसलं नाही. हसू येईल म्हणून माणसं मान खाली घालून जात होती. सखीदादने तर त्या कमानीखालून जाणंच सोडलं. लांबच्या गल्लीने वळसा घालून दुकानात जायचा. "तोर्यालय अचानक बदलून गेला म्हणे," तो एकदा म्हणाला. नेकबख्तने तांदूळ निवडायला घेतले. ती रोज वाट बघायची. कशाची, ते तिचं तिलाच ठाऊक.

पहिला बर्फ पडून गेल्यावर एका सकाळी सखीदाद दुकान उघडून लगेच परत आला. दाराला आतून कडी लावली. बूट न काढता बसला.

"काय झालं?"

"नव्या मुन्शीने सगळ्या पोस्तीनवाल्यांना बोलावलं होतं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "टेबलावर एक जुनं पोस्तीन ठेवलेलं. कुठल्याशा खिंडीत मिळालं म्हणाला. छातीवर भोकं होती. एकेकाला विचारलं, हे काम कोणाचं."

नेकबख्तने भिंतीला हात टेकला.

"टोपीवाल्यालाही बोलावलं होतं. त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आंधळ्यालाही कळला असता तो खांदा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी?" सखीदाद म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, असलं गचाळ काम आमच्या गझनीत होत नाही. कोणा धनगराच्या बायकोने अंधारात शिवलेलं दिसतंय. आणि नवराही अंधारातच निवडलेला."

"मग?"

"टोपीवाला हसला. मग सगळे हसले. शेवटी मुन्शीही हसला आणि म्हणाला, चला जा."

तो स्वतः हसत नव्हता. जुनं पोस्तीन घरातून कुठे गेलं, हे त्याने विचारलं नाही. ना तेव्हा, ना नंतर कधी. नेकबख्त त्याच्यासमोर बसली आणि तिने त्याचे गारठलेले बूट ओढून काढले. एक तिच्या मांडीवरच राहिला.

"पोस्तीनावर रक्त होतं का?" तिने हळूच विचारलं.

"मी खांदाच बघत होतो," सखीदाद म्हणाला. मग त्याने एकदम हात वर करून तिला थांबायची खूण केली. गल्लीच्या टोकाला इंजिन घरघरत होतं. दोघंही ते कुठल्या दारात थांबतं, ते ऐकत बसली.